चित्रापुढे नारळ फुटण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष, रेल्वे मंडळ,
रेल भवन, नवी दिल्ली.



अमृत भारत योजनेतून देशभरच्या स्थानकांचं रूप पालटतं आहे. ६ ऑगस्ट २०२३ रोजी एकाच दिवशी ५०८ स्थानकांची पायाभरणी झाली, त्यांतली ४४ महाराष्ट्रातली. इमारतीत त्या त्या गावाची संस्कृती दिसावी, असं आपलं धोरण आहे. त्याला कोण नाही म्हणेल? पण गावाची संस्कृती म्हटलं की आपल्याकडे कागदावर पहिला उमटतो तो कळस. अयोध्या धाम स्थानकाची मंदिरासारखी इमारत ३० डिसेंबर २०२३ पासून उभी आहे, आणि तिचं कौतुक जेवढं झालं तेवढाच वादही. उरलेल्या गावांच्या भिंती अजून रंगायच्या आहेत, म्हणून आताच लिहितो आहे.

स्थानकावर देवधर्म नकोच, असं माझं म्हणणं नाही. मुंबईच्या लोकलमध्ये टाळ कुटत जाणारी भजनी मंडळं आहेत, दसऱ्याला डब्यांना झेंडूची तोरणं लागतात. जिन्याच्या कोपऱ्यांत गणपती, साईबाबा, येशू आणि मक्का यांच्या टाइल्स ओळीनं बसवलेल्या असतात, कारण तिथे कुणी थुंकू नये. देवांना पहारेकरी नेमणारे लोक आपण. भिंतीवर देव आला म्हणून दचकणारे नव्हे.

माझी काळजी वेगळी आहे आणि ती आपल्या अभियंत्यांना चटकन कळेल. भिंतीवर आहे ते चित्र की दैवत, हे आधी ठरवायला हवं. चित्र असेल तर उद्या गळती लागली, सरकता जिना आला, फलाट रुंद करायचा ठरला की ते हलवता येतं. दैवत झालं की संपलं.

याचा दाखला आपल्याच दप्तरात आहे. एप्रिल २०२२ मध्ये आग्र्याच्या राजा की मंडी स्थानकावरचं चामुंडा देवीचं देऊळ हलवावं म्हणून विभागानं नोटीस काढली. आंदोलन पेटलं. देऊळ हललं नाही तर स्थानकच बंद करावं लागेल, असं विभागीय व्यवस्थापकांना जाहीरपणे म्हणावं लागलं. ते देऊळ निदान जुनं. मेक्सिको सिटीच्या मेट्रोत तर कुणी काही बांधलंही नव्हतं. १९९७ साली हिदाल्गो स्थानकात पाणी झिरपून फरशीवर डाग पडला आणि प्रवाशांना त्यात ग्वादालूपेची माता दिसली. दोन मार्गांचं अदलाबदलीचं स्थानक, पायाखाली माता, भोवती दर्शनाची गर्दी. शेवटी प्रशासनानं फरशीचा तो तुकडाच काढला आणि स्थानकाबाहेर कोनाडा करून त्यात बसवला. साध्या ओलीच्या डागाची ही कथा. आपण तर अधिकृत निविदा काढून मूर्ती बसवणार!

उलट उदाहरण आपल्या मालकीचंच आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा गॉथिक घाट थेट युरोपातल्या कॅथेड्रलांचा आहे. कमानी, मनोरे, रंगीत काचा, सगळं तिथलंच. तरी तिथे कुणी मेणबत्ती लावत नाही. घुमटावर एका हातात मशाल आणि दुसऱ्या हाताशी चाक घेतलेली प्रगतीची मूर्ती उभी आहे, पण तिची अजून कुणी प्रगतीमाता केलेली नाही. (हे वाचून कुणाला सुचू नये म्हणजे मिळवलं.) खाली दगडात मोर, माकडं, घुबडं आहेत, नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचे चेहरे आहेत. त्या कोरीवकामात मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात होता. आजही मान वर करून ते बघणारा माणूस बघतो आणि पुढे गाडीला धावतो. स्थानकावरच्या कलेनं एवढंच करायचं असतं.

राहिला प्रश्न निवडीचा. रोमच्या तेर्मिनी स्थानकासमोर १८ मे २०११ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांचा सुमारे पाच मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार ऑलिव्हिएरो राइनाल्दी. कल्पना सुंदर होती: पोपनी आपला झगा पसरून एका मुलाला त्याच्या आडोशाला घेतल्याचं एक छायाचित्र आहे, त्यावरून पुढे उघडा, आत पोकळ असा झगा. पण रोमकरांना तो पहारेकऱ्याच्या खोपटासारखा दिसला आणि डोकं मुसोलिनीचं वाटलं. नास्तिकांनी नव्हे, भाविकांनीच ओरड केली. व्हॅटिकनच्या वर्तमानपत्रानंही लिहिलं की पोपशी साम्य जेमतेम आहे. महापौरांनी समिती नेमली, शिल्पकारानं डोक्यासकट दुरुस्त्या केल्या आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये पुतळा पुन्हा लोकांपुढे आला. दुरुस्त पुतळाही सगळ्यांना आवडला असं नाही. पण जाब कुणाला विचारायचा हे रोमकरांना ठाऊक होतं, आणि जाब विचारला म्हणून कुणी त्यांना धर्मद्रोही ठरवलं नाही. आपल्या एखाद्या स्थानकावरच्या फायबरच्या विठोबाचं नाक चुकलंय, असं म्हणायची हिंमत किती जण करतील?

आणखी एक गोष्ट सलते. आपल्या कितीतरी स्थानकांच्या खांबांवर, जिन्यांवर वारली चित्रं आहेत. त्यांवर कधी वाद होत नाही, कारण ती आपण नक्षी समजतो. पण ही चित्रं मुळात लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं जो चौक लिहितात तिथली. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते, धवलेरीची (लग्नविधी करणाऱ्या बाईची) गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली ती स्वतःच्या नावानं. स्थानकावर मात्र चितारणाऱ्याचं नाव नाही, देवीचं तर नाहीच. आमचा देव तो श्रद्धास्थान आणि वारल्यांचा देव ती बॉर्डर, हा हिशेब कुठला?

तेव्हा मागणं असं. देवाची प्रतिमा लावण्यापेक्षा देवाकडे निघालेली माणसं चितारा. पंढरपूरचा विठोबा देवळात उभा आहेच, त्यालाच भेटायला लोक गाडीतून उतरतात. स्थानकावर दिंडी येऊ द्या: डोक्यावरचं तुळशीवृंदावन, खांद्यावरची पताका, टाचांच्या भेगा. दादरला ६ डिसेंबरची चैत्यभूमीकडे जाणारी रांग काढा, हातांत नुकतीच विकत घेतलेली पुस्तकं. वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेतले मेणाचे हात-पाय काढा. ते विकत घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. चित्रकार मात्र एकदा तरी त्या गर्दीतून चालून आलेला असावा. कॅलेंडरवरून उतरवलेलं चित्र लांबूनही ओळखू येतं.

प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव, साल, खर्च आणि निवड कुणी केली, हे लिहा. चित्रापुढे दानपेटी, समई, उदबत्ती लागणार नाही, ही अट करारातच घाला आणि ती मोडली तर काढायचं काम कुणाचं, तेही. सार्वजनिक जागेवर विनापरवाना नवं प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहेच. तो वापरायची वेळ एकट्या स्टेशन मास्तरवर येऊ नये.

पंढरपूरचा जो काही आराखडा असेल, तो आषाढीआधी फलाटावर लावून बघा. वारीला आलेले लोक जे वाटेल ते तोंडावर सांगतात. लिहून घ्यायला तक्रारवही स्टेशन मास्तरच्या खोलीत असतेच.

आपला,
मध्य रेल्वेचा एक पासधारक