रूळ दुरुस्त होतात, कानांचे काय?

मेगाब्लॉक म्हटले की आपण चिडतो. गाड्या बंद असलेल्या त्या तीन-चार तासांत रुळांवर काम करणारी पिवळी, लांबलचक यंत्रे मात्र क्वचितच कुणी निरखून पाहतो. टॅम्पिंग मशीन रूळ स्लीपरसकट किंचित उचलते, पोलादी दाते खडीत खुपसते आणि सेकंदाला सुमारे ३५ कंपने देत खडी स्लीपरखाली घट्ट बसवते. बॅलास्ट क्लीनिंग मशीन तर रुळांखालची खडी साखळीने उपसते, चाळते, चांगली परत टाकते आणि माती बाजूला फेकते.

पूर्वी हेच काम गँगमन वाकून, हातातल्या बीटरने खडी ठोकून करत. त्यांच्या कमरा आणि गुडघे ज्यांनी तपासले आहेत, तो कोणताही डॉक्टर ही यंत्रे नकोत असे म्हणणार नाही. पण कमरेवरचा भार आता कानांवर आणि फुप्फुसांवर आला आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा होत नाही.

आवाजाचा हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालवून घेता येतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला उरतो एक तास. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर ८५ची मर्यादा ओलांडली आहे असे समजावे. टॅम्पिंग मशीनशेजारी उभे राहून पाहा! हा बहिरेपणा आधी उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतो. गप्पा ऐकू येतात, त्यामुळे रोग्याला पत्ता नसतो. घरचेच टीव्हीच्या आवाजाची तक्रार करतात. आतल्या कानाच्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

रुळांवर याची किंमत वेगळी आहे. एका मार्गावर काम चालू असताना शेजारच्या मार्गावरून गाडी येऊ शकते, आणि इशारा असतो शिट्टीचा किंवा भोंग्याचा. म्हणून नुसते इअरप्लग वाटून भागणार नाही. ते घातल्यावर इशाराही कमी ऐकू येतो. दिव्याचा इशारा जोडीला हवा, आणि मुळात यंत्रेच शांत हवीत. ऑस्ट्रियात ओव्हरहेड वायरवरच्या विजेवर चालणारी अशी यंत्रे बनू लागली आहेत.

धुळीचेही तसेच. सह्याद्रीतल्या काळ्या दगडात क्वार्ट्झ कमी, ग्रॅनाइटमध्ये भरपूर. ग्रॅनाइटच्या खडीची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर सिलिकोसिस होऊ शकतो. तो बरा होत नाही, शिवाय क्षयरोगाची शक्यता वाढवतो. खडी चाळताना पाण्याचा फवारा आणि चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क, एवढे तरी सक्तीचे असावे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

कायम कर्मचाऱ्यांसाठी रेल्वेची रुग्णालये आहेत. कंत्राटी मजूर मात्र आज या मार्गावर, उद्या दुसऱ्या राज्यात. खोकला घेऊन तो सरकारी दवाखान्यात येतो, केसपेपरवर धंदा ‘मजुरी’ एवढाच लिहिला जातो आणि धुळीचा प्रश्न कुणी विचारतच नाही. त्याच्या कानांची व छातीची तपासणी कामावर घेतानाच व्हावी, दरवर्षी पुन्हा व्हावी आणि त्याची नोंद ठेकेदाराच्या कपाटात नव्हे, मजुराच्या खिशात असावी. कानांच्या तपासणीला अर्धा तास पुरतो.