टीबी बरा झाला, पुढे काय?

घोडपदेवच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या माळ्यावर आले की भाईजान कठड्याला टेकून उभे राहतात आणि खिशातून मोबाईल काढून बघत बसतात. फोन आलेला नसतो. दम लागलाय हे शेजाऱ्यांना कळू नये, एवढंच.

चार वर्षांपूर्वी त्यांना फुप्फुसाचा टीबी झाला. सहा महिने रोज गोळ्या घेतल्या, रमजानमध्येसुद्धा सहरीच्या वेळी. (आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत सांगून पाहिलं. दोन्ही विषय शिकवते, उपयोग शून्य.) शेवटी थुंकी तपासली, जंतू नाहीत. कागदावर 'बरा झाला' असं लिहून मिळालं. अम्मीने मिठाई वाटली, पण कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

वर्षभरात खोकला परतला. एका खासगी डॉक्टरांनी एक्स-रेवरचे डाग पाहिले आणि थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दोन महिन्यांनी दुसरीकडे तपासणी झाली. जंतू नव्हतेच. डाग जुन्या जखमांचे व्रण होते. टीबीचा जंतू मेला तरी व्रण राहतात, श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, पोकळ्यांमध्ये बुरशी धरू शकते. दारूखान्यात लोखंड उचलणारा माणूस आता तिथेच निम्म्या पगारावर हिशेब लिहितो.

याचा अभ्यास झालाच नाही असं नाही. १९५६ मध्ये मद्रासला गरीब रुग्णांचे दोन गट केले गेले, एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा स्वतःच्या घरी. गोळ्या त्याच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. जगभरची सॅनेटोरियमं त्यानंतर ओस पडत गेली. त्या रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. मुख्य प्रश्न होता, जंतू परत येतात का? माणसं टीबीने मरत होती त्या काळात तोच प्रश्न बरोबर होता. पण बरा झालेला माणूस जिना चढू शकतो का, हा प्रश्न फार मागे राहिला. टीबीनंतरच्या फुप्फुसाच्या आजारावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद दक्षिण आफ्रिकेत भरली ती २०१९ मध्ये!

आपल्या सरकारी कार्यक्रमात उपचारानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी तपासणीचा नियम आहे. भाईजानना एकदाही बोलावणं आलं नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही गेलो नाही. रे रोडहून शिवडी दोन स्टेशनं, पण टीबीच्या हॉस्पिटलच्या दारात कुणी ओळखीचं भेटलं तर? घरात लग्नाची मुलगी आहे. मशिदीत बरं होण्याची दुआ मागणारे आम्ही, आजाराचं नाव मात्र घेत नाही.

माझी मागणी छोटी आहे. शेवटची गोळी घेतली त्या आठवड्यात प्रत्येकाची स्पायरोमेट्री व्हावी. नळीत जोरात फुंकायचं, काही मिनिटांचं काम. ज्याची फुप्फुसं कमजोर निघतील त्याला श्वासाचे व्यायाम शिकवावेत, लागला तर पंप द्यावा. आणि थुंकी तपासल्याशिवाय टीबीचा कोर्स दुसऱ्यांदा कुणी सुरू करू नये.

भाईजानची ती चाचणी गेल्या महिन्यात झाली. रिपोर्ट चांगला नाही. डॉक्टरांनी व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा यायला सांगितलंय. भाईजान म्हणतात, आधी मुलीचं लग्न होऊ दे.