सूर्यावरील डाग आणि पेरणीचा निर्णय

सूर्य हाच शेतीचा मूळ आधार होय. म्हणून सूर्यावर डाग वाढले की पाऊस बिघडतो, अशी चर्चा गावच्या पारावर सुरू झाली म्हणजे शेतकऱ्याचे मन साशंक होते, यात नवल नाही. परंतु साशंक मनाने पेरणी लांबविली, तर वर्षाचे पीक हातचे जाऊ शकते. यास्तव या गोष्टीचा हिशेब नीट पाहणे अगत्याचे आहे.

सूर्यावरील डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढतात व घटतात; असे चक्र असल्याचे जर्मनीतील हाइनरिख श्वाबे यांनी १८४३ साली जाहीर केले. डाग काळे दिसतात. तथापि ते अधिक असतात तेव्हा सूर्य किंचित अधिक ऊर्जा देतो, कारण त्यांच्या आसपासचे उजळ पट्टे डागांची तूट भरून काढून थोडी भरही घालतात. ही भर किती? १९७८ पासून उपग्रहांवरून होत असलेल्या मोजणीप्रमाणे वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा मिळते, आणि संपूर्ण चक्रात तीत सुमारे १ वॅटचाच, म्हणजे हजारात एका भागाहूनही कमी, फरक पडतो. उलट, पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ व जुलैत दूर असल्याने दरवर्षीच सुमारे ७ टक्के फरक पडतो. त्यावरून कोणी पेरणी ठरवीत नाही.

अवर्षणाच्या वर्षांची साक्षही अशीच आहे. १९७९ व २००२ ही वर्षे डागांच्या उच्चांकाजवळची, तर १९८७ व २००९ ही नीचांकाजवळची. दोन्ही वेळी पावसाने दगा दिला. मग डागांवरून पावसाचा अंदाज बांधावा तरी कसा?

सूर्याचा अभ्यास निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. सौरवादळांपासून उपग्रह व वीजवाहिन्या यांना धोका पोहोचतो. भारताने २०२३ साली आदित्य-एल१ हे यान पाठविले ते सूर्याच्या अशाच अभ्यासासाठी. परंतु ते काम शास्त्रज्ञांचे. शेतकऱ्याने पर्जन्यमापकाची नोंद, जमिनीतील ओल आणि हवामान खात्याचा अंदाज पाहावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आला की पेरणी करावी. ग्रामसेवकाने पारावरील शंकेची थट्टा न करता हा हिशेब समजावून सांगावा. शंका दूर झाली, तरच पेरणी वेळेवर होईल.