क्रोन्सचे दुखणे : औषध बदलण्याची वेळ येते तेव्हा



मधुमेह, रक्तदाब, क्षय या आजारांवर लिहिणे सोपे असते. त्यांची नावे घरोघरी माहीत आहेत. आज ज्या आजाराविषयी लिहावयाचे आहे, त्याचे नाव आपल्या वस्त्यांत फारसे कोणी ऐकलेले नाही. आणि ज्याला तो झाला आहे तो संकोचाने बोलत नाही. कारण त्याचा संबंध शौचाशी आहे, आणि शौचाविषयी बोलण्याची आपल्याला लाज वाटते.

उल्हासनगर कॅम्प ५ मधील एका भगिनीने आपल्या धाकट्या भावाबद्दल आम्हांस विचारले आहे. भाऊ जीन्सच्या कारखान्यात नगावर शिलाईकाम करतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या, जुलाब सुरू झाले, संध्याकाळी बारीक ताप येई, वजन उतरले. प्रथम आतड्याचा क्षय समजून औषधे झाली, पण गुण आला नाही. पुढे मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीने आतडे पाहिले, तुकडा तपासला आणि क्रोन्सचा आजार असल्याचे ठरले. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी पंधरा दिवसांत पोरगा उठून बसला. परंतु गोळी कमी केली की दुखणे परत येते. आता डॉक्टर औषध बदलावयास सांगत आहेत. आई म्हणते, "बरं चाललंय तर कशाला बदलायचं?" मामा म्हणतात, "सगळ्या गोळ्या बंद कर, गावाकडं एक जाणता आहे, त्याच्याकडं नेतो." ताई विचारतात, "आम्ही कोणाचे ऐकावे?"

प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर अनेकांच्या उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आजार कोणता?

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन आणि त्यांचे दोन सहकारी, डॉ. गिन्झबर्ग व डॉ. ओपनहायमर, यांनी १९३२ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरून हे नाव पडले. आपल्या शरीराची जी शक्ती जंतूंशी लढते, तीच येथे स्वतःच्या आतड्याशी लढू लागते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही सूज व जखमा होऊ शकतात; बहुधा लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठे आतडे यांत त्या होतात. आजार वर्षानुवर्षे दबून राहतो, मग उसळतो. तो संसर्गाने पसरत नाही. ताटात ताट घालून जेवल्याने, एका खाटेवर झोपल्याने तो होत नाही. तसेच तो कोणाच्या करणीने, नजरेने किंवा पूर्वजन्मीच्या पापानेही होत नाही.

आपल्या देशात एक अडचण मोठी आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे जुळ्या भावांसारखे दिसतात. लक्षणे तीच, दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमाही पुष्कळशा तशाच. म्हणून शंका असेल तेथे डॉक्टर आधी क्षयाचे औषध देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. याचे कारण असे की, क्षय असताना क्रोन्सचे औषध दिले तर क्षय अंगभर पसरू शकतो. उलट चूक त्या मानाने कमी घातक. तेव्हा या भावाला आधी क्षयाचे औषध मिळाले यावरून कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र त्या वेळचा प्रत्येक केसपेपर जपून ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

"बरं चाललंय" म्हणजे काय?

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. स्टिरॉइड हे आग विझविणाऱ्या बंबासारखे आहे. आग लागली की बंब हवाच. पण बंबाचे पाणी रोज घरात सोडले तर भिंती पडतात. स्टिरॉइडने कळा व जुलाब लवकर थांबतात, भूक लागते, चेहरा भरतो. घरच्यांना वाटते, पोरगा सुधारला. प्रत्यक्षात तो भरलेला चेहरा पुष्कळदा औषधाची सूज असते. महिनोन्‌महिने ही गोळी चालू राहिली तर हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर व दाब वाढतो, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, जंतूंशी लढण्याची ताकद घटते. आणि इतके सोसूनही आतड्याच्या जखमा भरून ठेवण्याचे काम ही गोळी करीत नाही. वरून शांत दिसणारे आतडे आतून आकसत जाते, अरुंद होते, कधी भगंदर होते आणि शेवटी शस्त्रक्रियेची वेळ येते. स्टिरॉइड कमी करताच दुखणे परत येते, याचा अर्थच हा की दुसऱ्या औषधाची वेळ झाली आहे.

मामांनाही नम्रपणे सांगावयाचे आहे. कित्येक आठवडे स्टिरॉइड घेतलेल्या माणसाने ते एकदम बंद करू नये. बाहेरून औषध मिळत राहिल्याने शरीर स्वतःचे स्टिरॉइड तयार करणे थांबवते. गोळी अचानक तोडली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस बेशुद्ध होतो, प्रसंगी जीव जातो. म्हणून मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवतात. आणि जाणत्याच्या पुडीविषयी म्हणाल, तर अशा काही पुड्यांत लपवून स्टिरॉइडच घातलेले आढळले आहे. मग गुण कशाचा आला, हे वेगळे सांगावयास नको. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने औषधाची परीक्षा सांगणाऱ्याच्या वजनावरून करू नये, परिणामावरून करावी.

दोन गोळ्या एकत्र कशासाठी?

स्टिरॉइडच्या जागी बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन नावाची गोळी देतात. ती स्वस्त आहे, परंतु मुंगीच्या पावलाने चालते. तिचा पूर्ण गुण दिसावयास तीन महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे जुनी गोळी उतरत असते आणि नवी चढत असते. घरोघरी गडबड होते ती याच टप्प्यावर. "इतकी औषधे कशाला?" म्हणून कोणी एक गोळी बंद करतो, किंवा महिनाभरात फरक नाही म्हणून नवी टाकून देतो. असे करू नये.

या गोळीला रक्ततपासणीची जोड अनिवार्य आहे. काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी तिच्यामुळे एकदम उतरतात. आपल्या देशातील काही लोकांमध्ये ही शक्यता जन्मतःच अधिक असते. म्हणून आरंभी दर एक-दोन आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी रक्त तपासतात. ताप, घसा दुखणे, तोंडात फोड, झपाट्याने केस गळणे किंवा पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारी तीव्र कळ यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वाताच्या आजारासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर ते आधीच सांगावे. ही दोन औषधे एकत्र आली तर धोका होतो.

ही गोळी सोसत नसेल तर मेथोट्रेक्सेट देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. वार ठरवून तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा. मूल हवे असणाऱ्या भगिनींना हे औषध चालत नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

सुईची वेळ आली तर

गोळ्यांनी भागले नाही तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिमुमॅब अशी औषधे येतात. अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅबला या आजारासाठी १९९८ साली मान्यता मिळाली. ते सलाईनमधून देतात : पहिल्यांदा, दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि नंतर दर आठ आठवड्यांनी. अ‍ॅडालिमुमॅबची सुई कातडीखाली, बहुधा पंधरा दिवसांनी एकदा घ्यावयाची असते. ती शिकून घरीही घेता येते. मात्र ती फ्रीजमध्ये ठेवावी लागते. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.

या औषधांपूर्वी छातीचा फोटो, क्षयाची चाचणी आणि कावीळ 'बी'ची तपासणी करतात. दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या पुष्कळांच्या अंगात क्षयाचे जंतू झोपलेले असतात. ही औषधे त्यांना जागे करू शकतात. जुने केसपेपर जपून ठेवा असे आम्ही वर म्हटले, ते यासाठी. पूर्वी क्षयाचे औषध किती महिने घेतले, कोणते घेतले, पूर्ण केले का, हे डॉक्टरांना कळलेच पाहिजे. घरात कोणाला क्षय झाला असेल तर तेही लपवू नये.

२०१४ साली अ‍ॅडालिमुमॅबचे समरूप औषध भारतीय कंपनीने बाजारात आणले आणि किंमत खाली आली. समरूप म्हणजे दुय्यम की काय, अशी शंका लोक घेतात. नॉर्वेत ४८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात क्रोन्स व इतर काही आजारांच्या रुग्णांना मूळ इन्फ्लिक्सिमॅबवरून समरूप औषधावर नेले. वर्षभरात एकंदरीने त्यांची प्रकृती मूळ औषधावर राहिलेल्यांपेक्षा वाईट झाली नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगून केलेला असा बदल भिण्यासारखा नाही. दुकानदाराने परस्पर केलेला बदल मात्र विचारून घ्यावा. पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव आणि किती मिलिग्रॅम हे दोन्ही वाचावे. मात्रा उतरवताना ५ ऐवजी १० ची पट्टी घरात आली तर सगळा हिशेब चुकतो.

भगवान बुद्धांनी केलेली शुश्रूषा

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. तुझी सेवा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून करीत नाहीत, असे त्याने सांगितले. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजविले. मग संघाला सांगितले की, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करावयाची आहे, त्याने आजाऱ्याची करावी.

"मी कोणाच्या उपयोगी पडत नाही" हे त्या भिक्खूचे दुःख आमच्या या भावाचेही असणार. कारखान्यात खाडा पडला की पगार कापला जातो. घरात बहीण कमावते आणि आपण बसून खातो, ही बोच आजारापेक्षा खोल जाते. घरच्यांनी हे ओळखावे.

त्याच ठिकाणी चांगला रुग्ण कोण हेही सांगितले आहे. जो पथ्याचे ते करतो, त्यातही प्रमाण राखतो, औषध घेतो, दुखणे वाढते आहे, उतरते आहे की तसेच आहे ते खरे सांगतो, आणि वेदना धीराने सोसतो, तो. यातली चौथी गोष्ट औषध बदलताना सर्वांत मोलाची आहे. एक वही करावी. तारीख, किती वेळा शौचास जावे लागले, रक्त पडले का, कळ कितपत होती, ताप, आठवड्याचे वजन, कोणती गोळी किती घेतली, हे रोज चार ओळींत लिहावे. ओपीडीत डॉक्टरांना पाच मिनिटे असतात. त्या पाच मिनिटांत ही वही तीन महिन्यांची साक्ष देते.

रोजचे जगणे

क्रोन्समध्ये बिडी-सिगारेट विषासारखी आहे. ती सोडणे हे निम्मे औषध समजावे. अंगदुखीसाठी आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये. खाण्याचा एकच एक नियम नाही. आतडे अरुंद झाले असेल तर चोथ्याचे पदार्थ टाळावेत. दुखणे शांत असताना भात, भाकरी, डाळ, अंडी, मासे, जे सोसते ते पोटभर खावे. भीतीपोटी मऊ भातावर वर्षे काढल्याने अंगातले रक्त आटते.

कॅम्प ५ हून मुंबईला जायचे म्हणजे रिक्षा, मग अंबरनाथ किंवा विठ्ठलवाडीहून लोकल. लोकलमध्ये शौचालय नाही. वाटेत कोणत्या स्थानकावर सोय आहे हे पाहून ठेवावे, कपड्यांचा एक जोड बरोबर ठेवावा, तासभर आधी निघावे. कारखान्यातील मुकादमाला एकदा स्पष्ट सांगून टाकावे; रोज निमित्ते सांगण्यापेक्षा ते बरे.

लग्नाचा विषय निघाला तर आजार लपवू नये. या आजाराची माणसे संसार करतात, त्यांना मुलेबाळे होतात. लपवलेली गोष्ट गोळीच्या डबीतून बाहेर येतेच.

खर्चासाठी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे. आपल्या उपचारास काय लागू होते हे त्यांच्याकडूनच नक्की करून घ्यावे. शिधापत्रिका व आधारची प्रत केसपेपरबरोबरच ठेवावी. कामगार विम्याचे कार्ड असेल तर तो मार्गही विचारावा. जनऔषधी दुकानात काही गोळ्या स्वस्त मिळतात. आणि विहारातील मंडळींनो, तपासणीच्या दिवशी अशा रुग्णाबरोबर एक माणूस पाठविणे, हे तुमच्या मंडळाला परवडणारे काम आहे.

१९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाली. मधुमेह आणि सांधेदुखीने जर्जर झालेल्या देहाने बाबासाहेबांनी ते कार्य तडीस नेले. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर याच क्रोन्सच्या आजारामुळे आतड्याची शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. आजारी माणूस कामातून गेला, असे कोणी म्हणू नये.

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच : ऐकावे डॉक्टरांचे, पण विचारून, समजून. पुढच्या तारखेला आईला आणि मामांनाही बरोबर न्या. "ही गोळी कशासाठी, गुण केव्हा दिसेल, रक्त केव्हा तपासायचे, काय झाले तर लगेच यायचे?" हे चार प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरे भावाच्या हाताने लिहून घ्या. आजार त्याचा आहे. वहीही त्याचीच असू द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!