कोरडी हवा आणि ओलाव्याचें यंत्र

शिशिर ऋतु लागला कीं आमच्या शिळफाट्यावर पूर्वेचा वारा सुटतो. पावसाळ्यांत ज्या भोर घाटाच्या पायथ्याशीं धोधो पाऊस कोसळतो, तेथेंच पौष-माघांत घाटमाथ्यावरून उतरणारा कोरडा वारा ओंठ फोडतो आणि टांचांना भेगा पाडतो. आपल्या प्राचीन वैद्यांना हें ठाऊक होतें. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदयां’त ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय असून, शिशिरांत थंडीबरोबर रूक्षताहि वाढते असें त्यांत सांगितलें आहे. त्यावर तेलाचा अभ्यंग हा जुना उपाय. आतां बाजारांत एक नवा उपाय आला आहे. त्याचें नांव ह्युमिडिफायर. म्हणजे खोलींतील हवेंत पाण्याचा अंश मिसळणारें यंत्र. तें घ्यावें कीं न घ्यावें, आणि घेतल्यास कसें राखावें, याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे. अनुभव घरचा आहे, व त्यांतील मोठी चूक माझीच आहे.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या धाकट्या नातवास रात्रीं कोरडा खोकला लागला. थोरले चिरंजीव सहकुटुंब टोरांटोस असतात. त्यांच्या घरीं हें यंत्र सारा हिवाळा चालतें, व त्यामुळें मुलीच्या नाकांतून रक्त येणें थांबलें, असें त्यांनीं कळविलें. तें ऐकून धाकट्या सूनबाईंनीं येथें तसलेंच यंत्र आणविलें. रोज रात्रीं टांकी भरण्याचें काम मीं आपण होऊन अंगावर घेतलें. उरलेलें पाणी ओतून देणें माझ्या काटकसरी स्वभावास रुचेना. म्हणून त्यांतच वरून बोअरिंगचें पाणी घालीत गेलों. तीन आठवड्यांनीं पाहतों तों पुस्तकांवर पांढरी पूड सांचलेली, कपाटामागील भिंतीस काळी बुरशी आलेली, आणि मुलाचा खोकला पूर्वीपेक्षां अधिक! डॉक्टरांनीं विचारलें, “खोलींत नवें कांहीं आणलें आहे काय?” घरीं येऊन टांकींत हात घातला, तों आंत बुळबुळीत थर लागला. तेव्हां मला जी लाज वाटली, ती अजून विसरलों नाहीं. यंत्र बंद केलें, भिंत स्वच्छ केली, औषध चालूंच होतें. पंधरा दिवसांत मूल शांत झोपूं लागलें.

मग टोरांटोस जें गुणकारी ठरलें, तें शिळफाट्यास कां बाधलें? याचें उत्तर साध्या पदार्थविज्ञानांत आहे. हवा जितकी उष्ण, तितकी तिची बाष्प धरण्याची शक्ति अधिक. शून्य अंशावरील एक घनमीटर हवेंत फार तर सुमारें ५ ग्रॅम बाष्प मावतें; २१ अंशांवर सुमारें १८ ग्रॅम मावतें. बाहेरची गोठलेली हवा घरांत घेऊन तापविली कीं तींत बाष्प तेवढेंच राहतें, पण तिची तहान वाढते; आर्द्रता सुमारें शेंकडा २५ वर येते. बाहेर बर्फ पडत असेल तर याहूनहि खालीं. म्हणून शेगडी-भट्टीनें तापविलेल्या घरांत हें यंत्र खरोखर हवें.

आपण घरें तापवीत नाहीं. आपल्याकडे पहाटे १६ अंशांची हवा दंवानें भरलेली असेल, तर तींत घनमीटरास सुमारें साडेतेरा ग्रॅम बाष्प असतें. तीच हवा दुपारीं ३० अंशांवर आली कीं आर्द्रता सुमारें शेंकडा ४३ होते. कोरडा वारा असल्यास आणखी कमी. म्हणजे आपली दुपार कोरडी आणि रात्र ओली. आम्हीं यंत्र लाविलें तें नेमकें रात्रीं! जेथें तहान नव्हती, तेथें पाणी पाजलें.

म्हणून पहिला नियम असा कीं, यंत्राआधीं मोजमाप. आर्द्रता दाखविणारें लहानसें हायग्रोमीटर स्वस्त मिळतें. तें नसेल तर दोन सारखे तापमापक घ्यावे. एकाच्या फुग्यास ओलें मलमल गुंडाळावें, दोहोंस पंख्याचा वारा घालावा व आंकडे पाहावे. कोरडा २८ व ओला २३ अंश दाखवील तर आर्द्रता सुमारें शेंकडा ६५. ओला १८ वर उतरला तर सुमारें ३७. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेच्या मतें घरांत ३० ते ५० चें प्रमाण बरें. त्याहून ओलावा फार वाढला तर बुरशी व धुळींतील सूक्ष्म किडे माजतात, आणि दमेकऱ्यास तेंच बाधतें. चार-सहा दिवस रात्रीं आंकडा ३० च्या खालीं राहिला, तरच यंत्राचा विचार करावा. खोकला टिकला, धाप लागली, तर मात्र आधीं डॉक्टर.

यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यांत ओल्या वातीवरून पंखा वारा सोडतो. वाळ्याच्या ताट्यांचाच हा वंशज. हवा ओली होत जाईल तसें त्याचें काम आपोआप मंदावतें, व पाण्यांतील क्षार वातींत अडकतात. मात्र वात वेळच्या वेळीं बदलावी लागते. दुसऱ्यांत पाणी उकळून वाफ निघते. पण रांगत्या मुलांच्या घरांत उकळतें पाणी हें भयच. तिसरें अल्ट्रासॉनिक. तें कानांस न ऐकूं येणाऱ्या कंपनांनीं पाण्याचें धुकें करतें. आवाज नाहीं, वीज थोडी; परंतु पाण्यांत जें असेल तें सर्व, क्षारहि आणि जंतुहि, तें हवेंत उडवितें. पुस्तकांवरील पांढरी पूड ती हीच. त्यांत ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, पण सर्व क्षार जात नाहींत. परदेशांतून यंत्र आणणारांनीं आणखी एक पाहावें: कानडा-अमेरिकेंतील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची, तिकडचें यंत्र येथें सरळ लाविल्यास जळेल.

आतां निगा. टांकी रोज रिकामी करून, पुसून, ताजें पाणी भरावें. दर तिसऱ्या दिवशीं यंत्र विजेपासून सोडवून आंतून घासावें. क्षाराचा थर धरल्यास पाणी घातलेला व्हिनेगर अर्धा तास ठेवून नंतर स्वच्छ विसळावें. धुक्याचा झोत भिंतीकडे वा अंथरुणाकडे नसावा. कांचेवर थेंब दिसले कीं यंत्र बंद करावें. ऋतु संपतांच तें कोरडें करून ठेवावें, नाहीं तर आमच्याकडील पावसाळा त्याची वाट लावील.

टांकींत औषध मात्र कधीं घालूं नये. दक्षिण कोरियांत १९९४ पासून अशा टांक्यांत घालावयाचीं जंतुनाशकें विकलीं जात होतीं. निगा राखणाऱ्या, काळजीवाहू आयाच तीं विकत घेत. २०११ सालीं फुप्फुसांच्या गंभीर रोगाचें कारण हीं द्रव्यें असल्याचें तेथील सरकारी तपासांत निघालें. शेंकडों माणसें दगावलीं, त्यांत तान्हीं मुलें होतीं. धुक्याबरोबर श्वासांत गेलेलें द्रव्य थेट फुप्फुसांच्या तळाशीं पोंचतें, हें कोणीं ध्यानांत घेतलें नव्हतें. कापूर किंवा सुवासिक तेलें घालण्याचा मोहहि त्याच कारणास्तव टाळावा.

यंदां आमचें यंत्र माळ्यावर आहे. भिंतीवर हायग्रोमीटर टांगलें असून, तेंच बाळ रोज दोन वेळां आंकडा वाचून वहींत लिहितें. काल रात्रीं ५८ होता. घरांतील थोरांच्या अंगास तिळाचें तेल आणि मुलांच्या ओंठांस तूप, एवढ्यावर हा माघ निभावेल असें दिसतें.