मिरजेत राहायचं तर



मिरज म्हटलं की बाहेरच्यांना तीन गोष्टी आठवतात : रेल्वे जंक्शन, दवाखाने आणि सतार. आम्हा राहणाऱ्यांना हे शहर रोज भेटतं ते नळाच्या वेळेत, तुंबलेल्या गटारीत आणि दाखल्यांच्या खिडकीवर. 'पुण्याला जा, इथं काय ठेवलंय?' असा सल्ला प्रत्येक घरात मिळतो. जायचं असेल त्यांनी जरूर जावं. पण जे राहणार आहेत, त्यांनी भाडेकरूसारखं राहू नये असं मला वाटतं. त्यासाठी चार गोष्टी सांगतो. उदगीर, चिपळूण, परभणीच्या वाचकांनाही त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट नावाची. आपल्या घरात एकाच मुलीचं नाव जन्मदाखल्यावर आयेशा, शाळेत आयशा आणि आधारवर आएशाबी असतं. वडिलांच्या नावात कुठं 'मोहम्मद', कुठं 'महंमद', कुठं नुसतं 'मो.' असतं. आडनाव कधी पुढं, कधी मागं. आपण हसून सोडून देतो आणि शिष्यवृत्ती किंवा पासपोर्टच्या वेळी धावाधाव करतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा झाला आहे. म्हणून बाळाचं नाव ठरलं की घरातल्या सगळ्यांनी बसून त्याचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग एकदाच पक्कं करा. जन्म आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. नोंदीत बाळाचं नाव राहिलं असेल तर पहिल्या वर्षात ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. शाळेच्या रजिस्टरातली चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तेच काम फार अवघड होऊन बसतं. घरातल्या वडीलधाऱ्यांचे कागद तपासणं हे आता आपलं, शिकलेल्या पोरापोरींचं काम आहे. एजंटाला पैसे मोजण्यापेक्षा एक रविवार द्या.

दुसरी गोष्ट तक्रारीची. गल्लीतला दिवा बंद असला की आपण नगरसेवकाच्या माणसाला सांगतो, तो 'बघतो' म्हणतो आणि विषय संपतो. तोंडी तक्रारीला सरकारी दप्तरात जागा नसते. साध्या कागदावर चार ओळी लिहा, तारीख टाका, महापालिकेच्या आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. ती पोच सांभाळून ठेवा. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर तिचा हवाला देऊन माहितीचा अधिकार वापरा. अर्जाचं शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत सहसा तीस दिवस. दाखल्यांसाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर अपील करता येतं. 'आपल्या मोहल्ल्याकडं मुद्दाम दुर्लक्ष करतात' हे मीही ऐकत वाढलो, आणि काही ठिकाणी ते खरंही आहे. पण हे दाखवून द्यायला शिक्का असलेले वीस कागद लागतात, चहाच्या टपरीवरचा राग तिथं पुरत नाही.

तिसरी गोष्ट घराची. नाव सांगितल्यावर 'खोली कालच गेली' हे उत्तर मीही ऐकलं आहे. ते बोचतं. मग आपण आपल्याच गल्लीत आणखी दाटीनं राहतो आणि शेजारी एकमेकांना फक्त बातम्यांतून ओळखू लागतात. यावर माझ्याकडं सोपा उपाय नाही. एवढंच म्हणेन की एका नकारावर शोध थांबवू नका. भाडेकरार नोंदवून घ्या. आणि आपलं घर भाड्यानं देताना आपणही जात-धर्म विचारत असू, तर तो प्रश्न आधी आपल्या घरातून काढून टाकू.

चौथी गोष्ट सगळ्यात मोठी, शहराच्या मालकीची. सप्टेंबर २००९ मध्ये, गणेशोत्सवात, एका कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल झाली आणि संचारबंदी लागली. आज विशीत असलेल्यांना ती फक्त ऐकून माहीत आहे, आणि ऐकीव गोष्टीत दरवर्षी थोडी भर पडते. मोबाईलवर आलेला असा व्हिडिओ कुठला, कधीचा हे कळल्याशिवाय पुढं पाठवू नका. आपल्याच माणसानं पाठवला असला तरी.

मात्र हेच शहर मीरासाहेबांच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान देतं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, ते दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, आणि त्यांच्या स्मृतीला उरुसात गाणं होतं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी इथं सतार घडवली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तीही इथूनच. हा वारसा भाषणात मिरवायला छान आहे. पण त्या संगीतसभेत आपली किती तरुण मुलं-मुली रात्रभर बसतात? सतारमेकर गल्लीत काम शिकायला किती जण जातात? वाचनालयाचं सभासदत्व किती जणींकडं आहे? मुलींच्या बाबतीत तर घर, कॉलेज आणि पुन्हा घर एवढंच शहर आपण ठेवलं आहे. अर्ध्या समाजाला शहर दाखवायचंच नाही आणि शहर आपलं म्हणायचं, हे जमणार नाही.

या महिन्यात तीन कामं करू. घरातल्या सगळ्यांच्या कागदांवरची नावं जुळवून पाहू. गल्लीतल्या एका प्रश्नाचा लेखी अर्ज देऊन पोच घेऊ. आणि आपल्या मोहल्ल्याबाहेरच्या एका कार्यक्रमाला बहिणीला, मैत्रिणीला सोबत घेऊन जाऊ. कुठं अडलं तर आम्हाला लिहा. पुढच्या अंकात त्या अडचणींवरच बोलू.