गाडी बाईच्या नावावर, किल्ली कुणाच्या खिशात?

चांदूर बाजारच्या आमच्या बैठकीत चळवळीतलेच एक भाऊ म्हणाले, "आता पोरी सर्रास स्कुटीवर फिरतात. तुमचं अर्धं काम कंपन्यांनीच करून टाकलं." हशा पिकला. मी हसले नाही.

गाडीबद्दल माझ्या मनात अढी नाही. लूनावर मी स्वतः खेडोपाडी हिंडले आहे. 50 सीसीचे ते धूड चढ आला की पायडल मारायला लावायचे. पण बैठक संपल्यावर 'ताईंना कोण सोडून देईल?' हा प्रश्न त्याने कायमचा मिटवला. पुढे 1984च्या सुमारास बटणावर सुरू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा आली आणि किक मारण्याची 'पुरुषी' कला बिनकामाची ठरली. हे श्रेय मी नाकारत नाही.

पण त्याच बैठकीत मागे बसलेली एक बाई हळूच बोलली, "ताई, गाडी माह्या नावानं हाये, हप्ताबी मीच भरतो. पन बाजारात जायाचं त पायीच जातो. किल्ली त्याच्या खिशात असते न."

मैत्रिणींनो, ही एकटीची गोष्ट नाही. नवऱ्याला कर्ज मिळत नाही, कारण तो बुडवतो. बाईला मिळते, कारण ती लाजेकाजेने फेडते. निंदणाच्या, संत्रातोडीच्या मजुरीतून हप्ता जातो आणि गाडी पानठेल्यासमोर उभी असते. हप्ता चुकला की वसुलीवाला तिच्या दारात, आणि गटातल्या बायाही तिलाच बोलतात. अशा कर्जाच्या अर्जांवर 'महिला सक्षमीकरण' असे आम्हीच लिहून दिले, हेही कबूल करायला हवे.

लग्नातली गाडी तर आणखी वेगळी. "हुंडा नको, फक्त पोराले गाडी द्या." जुन्या सायकल-घड्याळाची जागा 1985 नंतर शंभर सीसीच्या मोटरसायकलीने घेतली. 1961चा हुंडाबंदी कायदा मागितलेल्या गाडीलाही हुंडाच म्हणतो. गाडीसाठी सुनेचा छळ केला तर पूर्वी 498-अ लागायचे, जुलै 2024 पासून न्याय संहितेचे कलम 85 लागते. बापाने शेत विकून घेतलेल्या त्या गाडीवर लेक बसते ती मागे, एका अंगाने, पदर सावरत. 1989चे मोटार वाहन नियमही मागच्या स्वारासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला निम्मे झाकण सांगतात. पदर चाकात जाऊ नये याची व्यवस्था झाली. ती पुढे का बसत नाही, हे कोणी विचारले नाही.

आणि शिकणाऱ्या पोरी? एसटीचा पास आहे, पण गाडी आली तर पास. 2021-22च्या संपात महिनोन् महिने एसटी बंद होती, तेव्हा कितींचे कॉलेज सुटले! सोळाव्या वर्षी कायदा फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवू देतो. पेट्रोलवरची तशी गाडी आता बाजारात मिळतच नाही म्हणा ना. म्हणून पोरगी घरी बसते. त्याच वयाचा तिचा भाऊ मात्र बापाची मोटरसायकल बिनपरवाना उडवतो. 2019च्या दुरुस्तीने अशा पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, पण बापाला त्याची भीती नाही. त्याला भीती असते ती पोरगी 'पडेल' याची, की कुठे जाईल याची?

तामिळनाडूने 2018 मध्ये नोकरी करणाऱ्या बायांना दुचाकीसाठी निम्मी, 25,000 रुपयांपर्यंत सबसिडी दिली. अट अशी, की परवाना बाईचा स्वतःचा हवा. आपल्या गटांनी निदान ही अट तरी उचलावी. जिच्याकडे परवाना नाही, तिच्या नावावर गाडीचे कर्ज नको. आधी गटाच्या पैशातून तिला गाडी शिकवा. गावाबाहेरचे मैदान सकाळी रिकामेच असते.

पुढच्या बैठकीला जिच्या नावावर गाडी आहे, तिने किल्ली घेऊन यावे. भाऊ पायी आले तरी चालतील.